एकशे चार ताप

नवा मिश्रधातू एकशे चार अंश तापापर्यंत चुंबक राहिला, तर वैजयंतीबाईंना प्रयोगशाळेचं प्रमुखपद मिळणार होतं आणि त्यांच्या यजमानांची, अच्युतरावांची, तापातल्या रडण्यातून कायमची सुटका होणार होती. सौदा दोघांनाही पटण्यासारखा होता.

दुःख बधिर करणारा मणी एव्हाना घरोघरी कानामागे बसला होता. पण जुन्या धातूच्या मण्याचं चुंबकत्व एकशे दोनलाच ढेपाळायचं आणि तापलेली माणसं गेलेल्यांना हाका मारत उठायची. अच्युतराव दर हिवतापात ओवीचा फ्रॉक छातीशी धरून रडायचे. ओवी म्हणजे दोघांची लेक, शाळेत जायच्या आधीच गेलेली.

यंदा हिवतापाची चाहूल लागताच बाईंनी अच्युतरावांचा मणी बदलून नव्या धातूचा बसवला.

"किती आहे गं?" अच्युतरावांनी विचारलं.

"एकशे चार. काही होतंय का?"

"अंग ठणकतंय."

"ओवी आठवते?"

"आठवते की. तापात काकडी मागायची." शेजारच्यांच्या मुलीबद्दल बोलावं तसं ते बोलले. मग हसले. "म्हणजे पास झालीस की! पेढे कुठायत, प्रमुखबाई?"

"आधी बरे तर व्हा," म्हणत बाईंनी फ्रॉकची घडी घालून तो कपाटात ठेवला. त्यांनाही काही वाटलं नाही. त्यांचा मणीही नवाच होता.

ठरल्याप्रमाणे दोघांनाही हवं ते मिळालं. किंमत तेवढी ओवीनं मोजली. तिच्यासाठी तापात का होईना, रडणारं जगात एकच माणूस उरलं होतं.