चेहऱ्यापुरता फोटो

“थांब, पान उलटू नकोस!” आर्जा म्हातारीने पाहुण्याचं मनगटच धरलं. “हा बघ, हा माझा फिओरीनो!”

पाहुणा अमेरिकन. महायुद्धात पायदळाबरोबर फोटो काढत याच डोंगरातून गेलेला हॅस्केट वीस वर्षांनी त्या जुन्या फोटोंचा अल्बम घेऊन आला होता. गावाने त्याला नुसतं डोक्यावर घेतलं होतं. आर्जाला त्या वाइनचं आणि भाषणांचं काय पडलं होतं! जर्मनांनी जाताजाता तिचा पोरगा मारला, घर जाळलं, घराबरोबर त्याचे फोटोही गेले. गावात प्रत्येक थडग्यावर चिनीमातीच्या चकतीत माणसाचा चेहरा असतो. फिओरीनोच्या दगडावरची जागा अजून रिकामी होती. परकी माणसं त्याला बेवारस समजत.

एकच समाधान तिला होतं. पोर अनवाणी मेलं नव्हतं. त्या थंडीत ओढ्यात पडलेल्या जर्मन मुडद्याच्या पायांतले बूट तिने स्वतः ओढून काढले होते, चरबी चोळून मऊ केले होते आणि पोराच्या पायांत घातले होते.

फोटोत पुढे सैनिक सिगारेटी ओढत हसत होते. मागे गिरणीच्या भिंतीशी फिओरीनो उभा होता, हात वर करून. आर्जाने आपल्या बोटाचा मुका घेतला आणि ते बोट त्याच्या गालावर टेकवलं.

हॅस्केट वाकून बघत काहीतरी बोलला. सरपंच ओरेस्ते युद्धकैदी म्हणून अमेरिकेत कापूस वेचून आलेला, त्यामुळे दुभाषा तोच.

“काय म्हणाला रे?”

“काही नाही, काकी. थंडी फार होती म्हणतो.”

“तुझा शेंबूड पुसलाय मी, ओरेस्ते. मला बनवतोस? नीट सांग.”

ओरेस्ते खाली बघत म्हणाला, “म्हणतो, हा जर्मन होता. शेतकऱ्याच्या कपड्यांत निसटत होता. बोलत होता काहीबाही, पण आम्हाला कुठं कळतंय? पायांत जर्मन बूट दिसले, म्हणून ओळखला. तिथंच भिंतीशी गोळी घातली.”

आर्जा बाकावर बसली. म्हातारी गहिवरली असं वाटून हॅस्केटने तो फोटो काढून तिच्या हातात ठेवला आणि खांद्यावर थोपटलं.

बराच वेळ तिने फोटोच्या खालच्या अर्ध्यावर तळवा दाबून धरला होता.

“कात्री आण, ओरेस्ते,” ती म्हणाली. “चेहरा तेवढा कापून दे. पाय नकोत.”