आईच्या फोनची प्रत

मूळ वस्तूला हात लावायचा नाही, काम प्रतीवरच करायचं, हा डिजिटल फॉरेन्सिक्सचा पहिला धडा. अभ्यासक्रमातल्या सरावासाठी तिनं वर्षापूर्वी वारलेल्या आईचा फोन लॅबमध्ये आणला होता.

त्याच्या प्रतीतल्या पुसलेल्या फाइल्समधून एक रेकॉर्डिंग परत मिळालं. आई विचारत होती, "जेवलीस का गं?" पुढे नुसती शांतता.

सकाळपासून तिच्या पोटात काहीच नव्हतं, तरी सवयीनं तोंडून निघून गेलं, "हो आई, जेवले."

सरांनी पडताळणी केली. "प्रत मूळ फाइलशी जुळत नाहीये. काही बदललंस?"

"नाही सर, फक्त ऐकलं."

"पुन्हा लाव बघू."

"जेवलीस का गं?" शांतता. मग आई हळूच म्हणाली, "खोटं बोलतेस. चेहरा बघ किती उतरलाय."