पिंजऱ्याची बातमी

बेलापूरजवळच्या उसात बिबट्या फिरायला लागला, तेव्हा तालुक्याच्या साहेबांनी वस्तीवर एक पिंजरा पाठवून दिला. रंगनाथआबांनी त्यात स्वतःची शेळी बांधली. पण पिंजऱ्याचं दार ऐनवेळी पडलंच नाही. बिबट्या निवांत आत शिरला, जेवला आणि आल्या वाटेनं निघून गेला. आबा तक्रार घेऊन गेले, तर साहेब मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "बघतो."

शेवटी दिल्लीचं हिंदी बातम्यांचं चॅनल वस्तीवर येऊन शूटिंग करून गेलं. संध्याकाळी झाडून सगळी वस्ती आबांच्या टीव्हीपुढं बसली. पडद्यावरची बाई तावातावानं सांगत होती, "तेंदुए को पकड़ने की प्रशासन पूरी चेष्टा कर रहा है!"

आबांनी मांडीवर थाप मारली. "शाब्बास बाई! ही लोकं आपली चेष्टा करत्यात, हे दिल्लीला बी कळलं!"

शाळेत हिंदी शिकणारी नात संस्कृती हळूच म्हणाली, "आबा, हिंदीत चेष्टा म्हंजे प्रयत्न."

आबांनी पुन्हा मांडीवर थाप मारली.

 

"आस्सं व्हय! म्हंजी आपले साहेब पयल्यापास्नं हिंदीतच काम करत्यात!"