तळाची ओळ

"ताई, हा कोण सरकारी जावई? मी नुसती तुमची फाइल इम्पोर्ट केली आणि याला मेसेज गेलासुद्धा!"

दवाखान्याच्या संगणक खोलीत शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसत होता. तिने खुर्ची सरकवून त्याच्या स्क्रीनवर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. नंबर तिच्या वडिलांचा होता.

दोन वर्षांपूर्वी तिने रुग्णांना औषधाची आठवण पाठवायचं काम एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवलं होतं. ज्याला लागेल त्याने ती आपल्या प्रोग्राममध्ये इम्पोर्ट करावी, म्हणजे आयती जोडून घ्यावी, रोज तेच दळण दळायला नको. मेसेज जातो का हे बघायला तळाशी एक ओळ टाकली होती: 'बाबा, गोळी घेतली का?' काम झालं, ओळ राहून गेली. आणि इम्पोर्ट केली की फाइल वरपासून तळापर्यंत चालते, चाचणीची ओळही सुटत नाही. सकाळचा प्रोग्राम रोज नऊ वाजता हीच फाइल इम्पोर्ट करायचा.

"म्हणजे दोन वर्षं, रोज? अहो, ही तर नवशिक्याची चूक!"

"हसा, हसा," म्हणत तिने ओळ खोडली.

दुसऱ्या दिवशी दहाला बाबांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करणाऱ्यातले नव्हते. तिनेही महिनाभर केला नव्हता.

"बरी आहेस ना गं?"

"हो. का हो बाबा?"

"आज तुझा मेसेज नाही आला. रविवारीसुद्धा कधी चुकली नाहीस, म्हणून म्हटलं."

"कामात होते, बाबा."

"असू दे, असू दे. मी त्याच नंबरावर रोज उत्तर लिहितो, ते मिळतं ना?"

"मिळतं की," ती म्हणाली. धडधडीत खोटं.

फोन ठेवून तिने सहकाऱ्याला विचारलं, "आपल्या नंबरावर लोकांची उत्तरं येतात ती कुठे जातात?"

"पडतात एका फोल्डरमध्ये. कोण वाचतंय!"

तिने फोल्डर उघडलं, बाबांचा नंबर टाकला. सातशेच्या वर निघाली. काल ओळ खोडताना चूक सापडल्याची लाज वाटली होती. आजची लाज वेगळीच होती, कुठे तोंड लपवावं कळेना. ती पहिल्यापासून वाचत गेली.

'घेतली. तू जेवलीस का?'

'घेतली. गुडघा दुखतोय, पण तू काळजी करू नकोस.'

'घेतली. या रविवारी येतेस का?'

'घेतली. नाही जमलं वाटतं. पुढच्या रविवारी ये.'

'घेतली. कामात असशील.'

त्यानंतरची सगळी उत्तरं एकाच शब्दाची होती.