जुना माल आधी

"हे कुठल्या बरणीतलं?" पहिल्याच घोटाला बाबांनी कप खाली ठेवला.

लेक ओट्याशी होती. दुपारी दुकान बंद करून ती वर यायची, बाबांना वाढायची आणि चारला पुन्हा खाली जाऊन शटर उघडायची. बाबांना काही दिवस झोप नव्हती, पोटही धड नव्हतं, म्हणून आज तिने कॅमोमाइलच्या फुलांचा काढा केला होता.

"फळीवरच्या. तळाला मूठभरच उरली होती, सगळीच टाकली."

"अगं, नवा पुडा होता ना! परवाच आणलास!"

"होता की. पण जुना माल आधी काढायचा, हे कुणी शिकवलं मला?"

त्यांनीच शिकवलं होतं. चाळीस वर्षं औषधांचं दुकान, जवळच्या तारखेची बाटली पुढे, लांबच्या तारखेची मागे. आता बोलणार काय? आपलेच दात, आपलेच ओठ!

बरणीवर तारीख होती, आईच्या अक्षरात. कुंड्यांतली फुलं तिने खुडली, वाळवली, बरणीत भरली, आणि पुढच्या बहराआधी ती गेलीच. पोट दुखो नाहीतर डोळे चुरचुरोत, तिची फुलं हजर. बाबा चिडवायचे, "खाली कपाटं भरून गोळ्या आहेत, आणि तू मला गवत उकळून पाज!"

ती गेल्यापासून मात्र रोज सकाळी ते बरणीचं झाकण उघडून वास घ्यायचे. तेवढ्यापुरती ती घरात असायची. लेकीला हे कुठून कळणार? तेव्हा ती खाली दुकानात असे.

"बाबा, चुकलं का माझं काही?"

"छे गं, तुझं कुठलं चुकतंय." त्यांनी कप उचलला आणि थेंबही न ठेवता संपवला. "चोथा फेकलास?"

"गाळणीतच आहे."

"फेकू नको. तुझी आई फडक्यात बांधून माझ्या डोळ्यांवर ठेवायची. डॉक्टरांचं अक्षर लावून लावून डोळ्यांची वाट लागायची ना."

लेक हसली. चोथा निवल्यावर तिने फडक्यात बांधला, घट्ट पिळला आणि आडव्या झालेल्या बाबांच्या डोळ्यांवर ठेवला.

थोड्या वेळाने त्यांच्या कानशिलावरून पाणी ओघळून उशीत उतरलं.

"अगंबाई, एवढं पिळूनही गळतंय! द्या, पुन्हा पिळून आणते."

बाबांनी दोन्ही हातांनी फडकं दाबून धरलं.

"राहू दे. वास आहे अजून."