दुसरी टोपली

"परास्किवा आजी, दुसरी टोपली कुणासाठी भरतेस गं?"

विचारून टाकलं एकदाचं. एवढी फुशारकी मारतेस तर विचारून दाखव, असं शाळेतल्या पोरींनी दोम्निकाला डिवचलं होतं. बाबांचा हुकूम वेगळाच होता: म्हातारी फळं कुठे खुडते, ती जागा बघून ये. गावाजवळच्या उतारावर आता औषधालाही निळं फळ उरलं नव्हतं. सगळ्यांनी लोखंडी दातांच्या फण्या ओढून झुडपं ओरबाडली होती. फळांबरोबर पानं गेली, कळ्या गेल्या. मग खालचं शेवाळ वाळलं आणि वरची स्प्रूसची उंच झाडं शेंड्यापासून तांबडी पडत चालली. यंदा फळं मिळाली नाहीत तर हिवाळा कसा काढायचा, हाच घोर घरात सगळ्यांना.

"बघशील," आजी म्हणाली. "तोवर हात चालव. तोंड पुरे."

इथे, आजीच्या जागेवर, झुडपं गुडघ्याला लागत होती. शेवाळात पाय घोट्यापर्यंत रुतत होता. वर कुठेतरी सुतार पक्षी टकटक करत होता. आजी एकेक फळ बोटांनी खुडत होती. अशाने टोपली कधी भरायची! तिची पाठ वळली तशी दोम्निकाने पिशवीतून फणी काढली आणि एका झुडपातून सर्रकन ओढली.

टकटक थांबली.

नुसती टकटक नाही, सगळंच. माशीसुद्धा. दोम्निकाने फणी शेवाळाखाली दडपली आणि साळसूदपणे आजीजवळ जाऊन उभी राहिली.

आजीने एक भरलेली टोपली तोडलेल्या झाडाच्या खुंटावर ठेवली, वर फडकं टाकलं. दोघी तिकडे पाठ करून बसल्या. मागे वळायचं नाही, एवढंच आजीने बजावलं. जरा वेळाने झुडपं सळसळली. सळसळ जवळ आली, थांबली.

"अस्वल असणार," दोम्निका पुटपुटली.

"अस्वल टोपली पालथी घालतं, पोरी."

टकटक पुन्हा सुरू झाली तेव्हा दोघी वळल्या. टोपली खुंटावर सरळ उभी होती. फळं नव्हती. तळाशी फडक्याची नीट घडी होती आणि घडीवर फणी. दातांत अडकलेलं एकही पान, एकही कळी राहिली नव्हती. कुणी बसून बोटांनी वेचावं तशी ती साफ होती.

आजीने ती उचलून दोम्निकाच्या हातात दिली.

घरी आई मक्याच्या घट्ट उकडीचा गोळा दोऱ्याने कापत होती.

"कळली जागा?" बाबांनी विचारलं.

"कळली. सांगणार नाही." दोम्निकाने फणी टेबलावर ठेवली. "उद्यापासून मी हातांनीच खुडणार. आणि आई, मला दोन टोपल्या लागतील. एक रोज रिकामी येईल."