अपेक्षित प्रतिसाद

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण हा अंगठा आठवीच्या एका पोरानं अर्थशास्त्रापायी खाल्लाय," दामोदर सर म्हणाले आणि त्यांनी उजवा हात टेबलावर मांडला. अंगठ्याच्या बुडाशी दातांचे पांढरे व्रण होते. दोन इकडे, दोन तिकडे, मध्ये मोकळी जागा.

समोर शिवलीला आणि मंजुनाथ बसले होते. दोघंही हेब्बाळच्या या बी.एड. कॉलेजात सरांकडे अर्थशास्त्र शिकवायला शिकत होते. शिवलीलाच्या पाठटाचणावर सही झाली होती. मंजुनाथचं टाचण सरांच्या कोपराखाली होतं. उद्या त्याचा परीक्षेचा पाठ. सहीशिवाय वर्गात पाऊल टाकता येत नाही, आणि पाठ गेला की वर्ष गेलं.

भांडण एका ओळीचं होतं. विषय टंचाई. मुलं एक्केचाळीस, चिक्क्या बारा. टाचणात 'विद्यार्थ्यांचा अपेक्षित प्रतिसाद' असा एक रकाना असतो. त्यात मंजुनाथनं लिहिलं होतं, 'मुलं वाटून घेतील.' सरांनी ती ओळ लाल शाईनं अशी खोडली होती की कागद फाटला होता.

"वाटून घेतील म्हणे! मग टंचाई कुणाला शिकवणार, भिंतीला? 'मुलं भांडतील' असं लिही. लगेच सही करतो."

"नाही लिहिणार, सर." मंजुनाथ वरचा ओठ न उचलता बोलला. तो नेहमी तसाच बोले.

"सरी, ठीक आहे. मग ऐक."

सर खुर्चीत सरसावले. या गोष्टीवर त्यांनी दहा बॅचेस गारद केल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वीची, याच शहरातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडमागची शाळा. त्या दिवशी सरांचा आदर्श पाठ होता. मागच्या भिंतीला तीस छात्रशिक्षक, पुढे खुर्च्यांत खात्याचे दोन साहेब. सरांनी बारा चिक्क्या पहिल्या बाकावर ठेवल्या, "आता काय कराल?" असं विचारलं आणि मुद्दा लिहायला फळ्याकडे वळले.

"तेवढीच चूक झाली. मागं आवाज आला, ठक्! डस्टर, तोही लाकडाच्या बाजूनं, कुणाच्या तरी टाळक्यात. मग काय विचारता! कर्कटकं निघाली. एकाचा पंजा बाकाला खिळला. दोघांनी तिसऱ्याला खिडकीतून खाली सोडला, तो थेट चारशे एक नंबरच्या बसच्या टपावर! येलहंक्यापर्यंत गेला बिचारा. पृथ्वीचा गोल फुटला. रक्ताची चिळकांडी अशी उडाली की फळ्यावरचा माझा अर्धा राहिलेला मागणीचा वक्र आपसूक पुरा झाला."

शिवलीलानं पदर तोंडाला लावला. "सर, मागच्या बॅचला जखमी नऊ होते म्हणे?"

"अकरा. दोघं नंतर सापडले, अक्का. बाकाखाली."

"आणि साहेब?"

"एक कपाटात. दुसरा कपाटाच्या वर." सरांनी दम घेतला. आता त्यांचा आवाज खाली आला. इथं तो नेहमीच खाली येई. "मी मात्र पळालो नाही. एक पोर खाली पडलेलं, दुसरं त्याच्या छातीवर बसून गळा आवळत होतं. खालचं निळं पडलेलं. मी वरच्याला मानेला धरून उपसलं, तर ते गर्रकन वळलं आणि अंगठ्याला डसलं. हाडाला दात लागले. मी किंचाळलो, पण सोडलं नाही. खालचं पोर वाचलं. आज कुठंतरी बेळ्ळंदूरला मोठ्या कंपनीत असेल."

"त्याचं नाव काय, सर?" शिवलीलानं विचारलं. ती आता हसत नव्हती.

"नावं कशाची लक्षात राहतात? एक्केचाळीस लांडगे होते." सरांनी लाल पेन मंजुनाथपुढे सरकवलं. "पोरांना तू अजून ओळखत नाहीस. मी रक्त सांडून ओळखलंय. लिही, भांडतील."

मंजुनाथनं पेनला हात लावला नाही. त्यानं सरांचा हात धरला. सर ओढू लागले, पण पकड घट्ट होती. त्यानं अंगठा उजेडाकडे वळवला आणि व्रणांवरून बोट फिरवलं. दोन इकडे, दोन तिकडे.

"स्वल्प थांबा, सर. ठक् आवाज झाला, ते खरं."

"मग?"

"डोक्यात नाही झाला. मी डस्टरनं चिक्क्या फोडत होतो. एक्केचाळीस वाटे करायचे होते. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही. सगळे रांगेत उभे होते."

सरांच्या कोपराखालून टाचण निसटून जमिनीवर पडलं. कुणी उचललं नाही.

"मोठे साहेब हसले. म्हणाले, दामोदर, तुमची टंचाई कुठं गेली? तेव्हा तुम्ही माझ्या हातातला डस्टर हिसकावलात."

"खोटं..." सरांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"खोटं तुमचं, सर," मंजुनाथ म्हणाला आणि त्यानं पहिल्यांदाच वरचा ओठ पूर्ण उचलला. "मी चावलो ते डस्टर तोंडावर बसल्यानंतर. म्हणून तर मधला दात उमटलेला नाही."